क्रेन हलतेय का बघा: बाजार डळमळीत असताना परळ-लालबागकडे टॉवरमध्ये फ्लॅट बुक करणाऱ्यांसाठी

ऑफिसमध्ये दर महिन्याला कोणीतरी येऊन विचारतं, तुम्ही लालबागला घेतला ना फ्लॅट, आम्ही पण बघतोय, काय काय बघायचं? मी दरवेळी तेच तेच सांगतो, अर्धं विसरतो, मग रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट टाकतो. त्यापेक्षा एकदाच लिहून काढलेलं बरं.

माझी गोष्ट थोडक्यात अशी. फेब्रुवारी २०१८ला बुक केला, अ‍ॅग्रीमेंटमध्ये ताबा डिसेंबर २०२१, चावी हातात पडली २०२४ला. मधली वर्षं काळाचौकीला वन बीएचकेमध्ये भाड्याने, खिडकीतून समोर आमच्याच टॉवरची क्रेन दिसायची. एकीकडे भाडं, दुसरीकडे बँकेचा हप्ता. सप्टेंबर २०१८मध्ये आयएल अँड एफएस या मोठ्या फायनान्स कंपनीची कर्जफेड चुकली, त्यानंतर फायनान्स कंपन्यांचा पैसा आटला, पुढच्या वर्षी गृहकर्ज देणारी डीएचएफएल कोसळली, आणि आमच्या बिल्डरला ज्या कंपनीने कर्ज दिलं होतं तिनेही हात आखडता घेतला. १९व्या स्लॅबवर काम थांबलं. मग कोविड. बाकी इतिहास सगळ्यांना माहीत आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. आपण समजतो बिल्डर पैसा घेऊन बसलाय आणि त्यातून टॉवर बांधतोय. तसं नसतं. बुकिंग येतं, त्यातून काँट्रॅक्टरचं बिल भागतं, त्यातून पुढचा स्लॅब पडतो. बाजार थंड झाला की बुकिंग थांबतं, बिलं थकतात, काँट्रॅक्टर माणसं दुसऱ्या साइटवर नेतो. त्यात आपल्याकडे बहुतेक टॉवर म्हणजे जुन्या चाळीचा किंवा उपकरप्राप्त (म्हाडाला दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या भाड्याच्या) इमारतीचा रिडेव्हलपमेंट, म्हणजे त्याच गल्ल्यातून जुन्या भाडेकरूंचं ट्रान्झिट भाडं (नवीन घर मिळेपर्यंत बाहेर राहायचं भाडं), महापालिकेचे प्रीमियम, फायनान्स कंपनीचं व्याज हे सगळं जाणार. सेलचा, म्हणजे बाजारात विकायला काढलेला, फ्लॅट घेणारे आपण या रांगेत शेवटून पहिले. म्हणून पुढे जे काही लिहिलंय ते सगळं एकाच प्रश्नाभोवती फिरतं: या बिल्डिंगचा पुढचा स्लॅब कोणाच्या पैशाने पडणार आहे?

१. सॅम्पल फ्लॅट बघायच्या आधी स्वतःचा हिशोब

सॅम्पल फ्लॅट बघून आलात की हिशोब होत नाही, तिथला पडदा आणि खिडकीतला समुद्र डोक्यात बसतो. (तो समुद्र ४०व्या मजल्यावरून ड्रोनने काढलेला फोटो असतो, तुमचा मजला कितवाय ते बघा.)

समजा अ‍ॅग्रीमेंट व्हॅल्यू २ कोटी. ७५ लाखांच्या वरच्या कर्जाला बँक किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्के देते, म्हणजे दीड कोटी, आणि या किमतीत स्टँप ड्युटी-रजिस्ट्रेशन धरत नाही. म्हणजे खिशातून ५० लाख. त्यावर मुंबईत स्टँप ड्युटी ६ टक्के म्हणजे १२ लाख, रजिस्ट्रेशन ३० हजार, बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी ५ टक्के म्हणजे १० लाख. झाले ७२ लाख ३० हजार. अजून ताब्याच्या वेळचे चार्जेस बाकीच आहेत. आमच्या ओळखीतल्या एकाने ५० लाख जमवले आणि मोठ्या आनंदाने टोकन दिलं, वरच्या २२ लाखांसाठी शेवटी बायकोचे दागिने आणि सासऱ्यांची एफडी.

फ्लॅट फक्त बाईच्या नावावर असेल तर स्टँप ड्युटीत १ टक्का सूट आहे, म्हणजे या उदाहरणात २ लाख वाचले. पण नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली, आणि बँकेचं कर्ज दोघांच्या पगारावर असेल तर नावं कशी ठेवायची हे आधीच बँकेला विचारा, रजिस्ट्रेशनच्या दिवशी नको.

आता व्याजदर. मे २०२२च्या सुरुवातीला रेपो (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३पर्यंत साडेसहा झाला. नऊ-दहा महिन्यांत अडीच टक्के. १ कोटीचं २० वर्षांचं कर्ज साडेसहा टक्क्यांनी घेतलं तर हप्ता साधारण साडेचौऱ्याहत्तर हजार, तेच ९ टक्क्यांनी जवळजवळ ९० हजार. बँक बऱ्याचदा हप्ता न वाढवता मुदत वाढवते, त्यामुळे कळतच नाही, आणि एक दिवस स्टेटमेंट बघता तर २० वर्षांची २८ झालेली. पुढे दर खाली पण आले, पण तुमचा हिशोब वाईट दिवसांचा करा. माझा नियम: आजचं भाडं अधिक पूर्ण हप्ता, ताब्याच्या तारखेपुढे अजून दोन वर्षं झेपतंय का? नाही झेपत तर एकतर लहान घर घ्या किंवा ओसी (महापालिकेचा राहायला परवानगीचा दाखला) झालेलं घ्या. ओसी मिळाल्यानंतर घेतलेल्या फ्लॅटला जीएसटी पण नाही, लोक हे विसरतात आणि नुसते रेट बघून महाग महाग म्हणतात.

२. महारेराच्या साइटवर एक अख्खा रविवार

महारेरा म्हणजे रेरा कायद्याखाली बिल्डरांचे प्रोजेक्ट नोंदवणारं राज्याचं प्राधिकरण. तिथला नोंदणी नंबर नसेल तर बोलणंच बंद. "प्री-लाँच आहे सर, नंबर पंधरा दिवसांत येतोय" असं म्हणणाऱ्याला पंधरा दिवसांनी भेटा. जुन्या नोंदणीचे नंबर मुंबई शहरासाठी पी५१९ने आणि उपनगरासाठी पी५१८ने सुरू होतात. जाहिरातीवर क्यूआर कोड ऑगस्ट २०२३पासून सक्तीचा आहे, तो स्कॅन केला की थेट प्रोजेक्टचं पान उघडतं.

उघडल्यावर लोक प्रोजेक्टचं नाव बघतात, हिरवी बरोबरची खूण बघतात आणि बंद करतात. तुम्ही हे बघा:

पूर्ण होण्याची तारीख. मूळ तारीख किती होती आणि आता सुधारित किती आहे. एकदा मुदतवाढ घेतलेली असेल तर ठीक, कोविडची वाढ सगळ्यांनाच मिळाली होती. दोन-तीनदा घेतली असेल तर का ते विचारा. सेल्सवाला सांगेल ती तारीख वेगळी, महारेरावरची वेगळी, अ‍ॅग्रीमेंटमधली कधीकधी तिसरीच.

किती फ्लॅट बुक झालेत. हा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बिल्डरने दर तिमाहीला माहिती भरायची असते. मागच्या तिमाहीला ५२ होते आणि या तिमाहीला ५३, तर ऑफिसमध्ये कितीही "लास्ट टू युनिट्स" म्हणू देत, पैसा येत नाहीये. आणि तिमाहीची माहितीच भरलेली नसेल तर ते स्वतःच एक उत्तर आहे.

बोजा. जमिनीवर किंवा प्रोजेक्टवर कोणाचं कर्ज आहे. कर्ज असणं वाईट नाही, मुंबईत कर्जाशिवाय टॉवर होत नाही. पण कोणाचं आहे ते माहीत पाहिजे, कारण त्या कंपनीची एनओसी तुमच्या फ्लॅटला लागणार.

कोर्टकेसेस. त्याच बिल्डरचे बाकीचे प्रोजेक्ट. आर्किटेक्ट, इंजिनिअर, सीए यांची सर्टिफिकेटं. सीएचं सर्टिफिकेट कंटाळवाणं असतं तरी वाचा, किती खर्च झाला आणि किती बाकी आहे ते त्यात येतं.

आणि हो, ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची आणि ती बांधकाम व जमिनीच्या खर्चालाच वापरायची असा नियम आहे. चांगलाच आहे. पण खात्यात पैसे यायला आधी बुकिंग यावं लागतं ना, रिकाम्या खात्याच्या ७० टक्क्यांना कोण काय करणार.

३. कागद: आयओडी, सीसी आणि मजल्याची गंमत

महापालिका आधी आयओडी (नकाशाला अटींसह मंजुरी) देते, मग सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी). सीसी टप्प्याटप्प्याने मिळते, आधी प्लिंथपर्यंत (जोत्यापर्यंत), मग पुढे वाढवून. जाहिरात ५० मजल्यांची आणि सीसी २० मजल्यांची असं सर्रास असतं. तुमचा मजला सीसीत बसतोय का हे बघा, नसेल तर तुम्ही अजून परवानगी न मिळालेली हवा विकत घेताय.

इथे माझी फजिती. मी ३१वा मजला घेतला म्हणून दीड वर्ष सगळ्या नातेवाइकांना सांगत होतो. आईने तर नवसाला लालबागच्या राजाच्या रांगेत उभं राहून तो आकडा बोलून दाखवला असणार. नंतर मंजूर नकाशा नीट बघितला तर माझा मजला २३वा. खालचे सात पोडियम पार्किंगचे यांनी मोजलेले, आणि १३ नंबर गाळलेला. फ्लोअर राइजचे, म्हणजे मजला वाढेल तसे वाढणारे, पैसे मात्र ३१व्याचे लावले होते. म्हणून ब्रोशरमधला मजला आणि मंजूर नकाशातला मजला दोन्ही अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्या, आणि फ्लोअर राइज कुठल्या मजल्यापासून लावला तेही.

पुढे, प्रोजेक्ट विकास नियंत्रण नियमावलीच्या कुठल्या नियमाखाली आहे ते विचारा. ३३(७) म्हणजे उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास, तिथे म्हाडाची एनओसी लागते. ३३(९) म्हणजे क्लस्टर, ३३(१०) म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन (एसआरए). या सगळ्यात जुन्या रहिवाशांची घरं आधी, आणि रिहॅबला (जुन्या रहिवाशांच्या इमारतीला) बाजूला ठेवून सेलचं ओसी हातात पडत नाही. त्यामुळे रिहॅबची बिल्डिंग कुठवर आलीय ते बघणं म्हणजे आपलीच बिल्डिंग बघणं. सेल्स ऑफिसवाले तुम्हाला ती बाजू दाखवणारच नाहीत, गेटसुद्धा वेगळं असतं.

जमिनीचं प्रॉपर्टी कार्ड बघताना लक्षात ठेवा, शहरात सी.एस. नंबर असतो, उपनगरात सी.टी.एस. टायटल सर्चसाठी, म्हणजे जमिनीची मालकी तपासायला, स्वतःचा वकील लावा. बिल्डरच्या पॅनलवरचा नको, बँकेने बघितलंय म्हणून गप्प बसू नका. बँक तिचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघते, तुमची झोप नाही.

४. साइटवर जा, पण सेल्सवाल्याबरोबर नाही

हे मी सगळ्यात उशिरा शिकलो.

रविवारी सकाळी एसीत बसवून, कॉफी पाजून, हेल्मेट घालून जे दाखवतात ती साइट व्हिजिट नाही. मधल्या वारी, संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला एकटे जा आणि समोरच्या फुटपाथवर उभे रहा. पाळी सुटते तेव्हा किती माणसं बाहेर पडतात ते मोजा. ४० मजली टॉवरमधून २५ माणसं निघाली तर समजून जा.

क्रेनकडे बघा. काम चालू असेल तर क्रेनचा हात काहीतरी उचलतोय, फिरतोय, थांबतोय. काम बंद असलं की ऑपरेटर ब्रेक मोकळा सोडून जातो, म्हणजे वाऱ्याने क्रेन पडू नये म्हणून तिचा हात वाऱ्याबरोबर आपोआप फिरतो. मला हे माहीत नव्हतं. २०१९च्या जानेवारीपासून मी रोज सकाळी खिडकीतून बघायचो आणि बायकोला म्हणायचो, अगं बघ, काल पूर्वेकडे होती, आज पश्चिमेकडे आहे, म्हणजे काम चालू आहे. चार महिने! शेवटी शेजारचे काका, मिलमध्ये जॉबर होते, म्हणाले, "अरे पोरा, ती वाऱ्यावर सोडलीय. हुकाला काही लटकलेलं कधी बघितलंस का?" नव्हतं बघितलं.

चहाच्या टपरीवर विचारा. आमच्या गेटासमोरचा टपरीवाला साइटवर चहा पोचवायचा. त्याला विचारलं तर म्हणाला, "पहले दोसौ कटिंग जाता था साब, अभी चालीस। और उधारी भी बाकी है।" महारेराच्या पानावर तेव्हा सगळं आलबेल होतं. काँट्रॅक्टरच्या माणसांची चहाची उधारी थकते, त्यानंतर काही महिन्यांनी आपल्यापर्यंत बातमी येते.

रात्री काँक्रीटचे मिक्सर येतात का ते आजूबाजूच्या लोकांना विचारा, ज्यांची झोपमोड होते ते अचूक सांगतात. आणि जुने भाडेकरू. त्यांना फक्त एकच प्रश्न, "भाडं वेळेवर येतं का?" लालबाग-परळमध्ये कुठल्या बिल्डिंगचं ट्रान्झिट भाडं किती महिने थकलंय हे गणपती मंडळाच्या ओट्यावर सगळ्यांना तोंडपाठ असतं. बिल्डरची तब्येत कळायला याच्याइतकं स्वस्त दुसरं साधन नाही.

५. भाव

मंदी आहे तर घासाघीस होणारच, लाजू नका. पण आधी खरा भाव काढा. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे, त्यात त्याच बिल्डिंगचे मागच्या वर्षातले व्यवहार, म्हणजे इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या कराराचा सारांश), बघता येतात. कोणत्या मजल्याचा कोणता फ्लॅट कितीला गेला ते दिसतं. साइट अधूनमधून रुसते, कॅप्चा डोकं खातो, तरी करा. मी बुकिंगनंतर केलं आणि कळलं की खालच्या मजल्यावरच्याला माझ्याहून बराच स्वस्त मिळालाय.

भाव नेहमी रेराच्या कार्पेटवर बोला. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, शाफ्ट त्यात येत नाहीत, आतल्या भिंती येतात. सुपर बिल्टअप वगैरे शब्द आला की म्हणायचं, ते राहू दे, कार्पेट किती?

मॉड्युलर किचन, एसी, सोन्याचं नाणं, दुबईची ट्रिप, हे सगळं देतात कारण कागदावरचा रेट खाली दिसू द्यायचा नसतो. सांगा, नाणं नको, तेवढे अ‍ॅग्रीमेंट व्हॅल्यूमधून कमी करा. त्यावर स्टँप ड्युटी आणि जीएसटी पण कमी होतो. फक्त रेडी रेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या भावाच्या) खाली फार गेलात तर ड्युटी रेकनरच्या भावावरच लागते, आणि इन्कम टॅक्सचाही प्रश्न येऊ शकतो, सीएला विचारून घ्या.

सरकारही अशा दिवसांत काहीतरी देतं. कोविडनंतर सप्टेंबर ते डिसेंबर २०२०मध्ये स्टँप ड्युटी ५ची २ टक्के केली होती, मग मार्च २०२१पर्यंत ३. चांगली गोष्ट होती, पण माझ्या मावसभावाने "३१ डिसेंबरच्या आत" म्हणून वकिलाला न दाखवता अ‍ॅग्रीमेंट केलं. ड्युटी वाचली आणि पार्किंग गेलं.

सगळ्यात मोठा सापळा इथेच आहे: "ताबा मिळेपर्यंत ईएमआय नाही". २०:८०, १०:९०, नावं वेगवेगळी. यात कर्ज तुमच्या नावावर निघतं, पैसा बिल्डरला जातो, आणि तोपर्यंतचं व्याज बिल्डर भरणार असं ठरतं. बिल्डरचा पैसा आटला की तो पहिलं हेच व्याज भरणं बंद करतो. बँक मग तुम्हाला फोन करते, कारण कर्जदार तुम्ही, सिबिल तुमचं. बांधकामाच्या टप्प्याप्रमाणेच कर्ज सोडा असं रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१३लाच सांगितलं होतं, आणि जुलै २०१९मध्ये नॅशनल हाउसिंग बँकेने हाउसिंग फायनान्स कंपन्यांना अशा योजना टाळायला सांगितलं. तरी नाव बदलून काहीतरी येतंच. बिल्डर स्वतःच्या खिशातून थांबायला तयार असेल, म्हणजे १० टक्के आता आणि बाकी खरंच ताब्याला, मध्ये बँक नाही, तर ती गोष्ट वेगळी.

६. टोकन ते अ‍ॅग्रीमेंट

टोकन चेकने किंवा ऑनलाइन, रोख एक रुपया नाही. नोंदणीकृत अ‍ॅग्रीमेंट केल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही. "सर, २० भरा, रेट लॉक होईल" म्हटलं तर कायद्यात बसत नाही म्हणून सांगा, गप्प होतात.

अलॉटमेंट लेटर घ्या आणि रद्द केलं तर किती कापणार ते बघा. महारेराच्या नमुन्यात १५ दिवसांत रद्द केलं तर काहीच कापायचं नाही, ३० दिवसांपर्यंत १ टक्का, ६० दिवसांपर्यंत दीड, त्यानंतर २ टक्के असं आहे. बिल्डरच्या लेटरमध्ये टोकन जप्त असं लिहिलेलं असेल तर हा नमुना समोर ठेवा.

अ‍ॅग्रीमेंटचा ड्राफ्ट आधी ईमेलवर मागा. १०० पानं असतात, वाचा. यात चार ठिकाणी पेन लावून थांबा.

हप्त्यांचं वेळापत्रक. राज्याच्या नमुना करारात प्लिंथ होईपर्यंत ४५ टक्के, सगळे स्लॅब होईपर्यंत ७० टक्के यापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत असे टप्पे आहेत. आमच्या करारात दहाव्या स्लॅबलाच ७० टक्के उरकलेले होते. मी वाचलं होतं, कळलं नव्हतं. काम थांबलं तेव्हा आमचे पैसे बिल्डिंगच्या कितीतरी पुढे गेले होते.

ताब्याची तारीख. नुसता महिना-वर्ष, "साधारण", "ओसीच्या अधीन" असं काही नको. तारीख.

फोर्स मेजर, म्हणजे हाताबाहेरच्या कारणाने उशीर झाला तर बिल्डरला मिळणारी सूट. युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा तत्सम नैसर्गिक आपत्ती, कायद्यात एवढंच आहे. बाजार थंड होता, फायनान्स मिळालं नाही, स्टील महागलं, हे त्यात नाही. कोणी घुसवलं असेल तर काढायला लावा, महारेराने हे कलम बदलायचंच नाही असं सांगून ठेवलंय.

पार्किंग. उघडं पार्किंग विकता येत नाही. झाकलेलं असेल तर नंबर, लेव्हल, लांबी-रुंदी-उंची करारात पाहिजे.

७. कागदांची फाइल

तुमच्याकडून: पॅन, आधार, फोटो, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिप, दोन वर्षांचे फॉर्म १६ आणि रिटर्न, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, स्वतःच्या हिश्श्याचा पुरावा.

बिल्डरकडून: महारेरा सर्टिफिकेट, आयओडी, आजपर्यंतच्या सगळ्या सीसी, मंजूर नकाशे, टायटल रिपोर्ट, म्हाडा किंवा एसआरएची एनओसी जिथे लागू, कर्ज देणाऱ्या कंपनीची तुमच्या फ्लॅटपुरती एनओसी, आणि प्रत्येक डिमांड लेटरबरोबर आर्किटेक्टचं सर्टिफिकेट.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस कापून तुम्हालाच ऑनलाइन भरायचा असतो. हे बिल्डर आठवण करत नाही आणि नोटीस तुम्हाला येते. एक प्लास्टिकची फाइल करा आणि स्कॅन करून स्वतःला मेल करून ठेवा, बस.

८. काम थांबलंच तर

पहिलं, बाकीचे खरेदीदार शोधा. आम्हाला हे करायला सहा महिने लागले कारण कोणाकडे कोणाचा नंबरच नव्हता. शेवटी ई-सर्चमधून नावं काढली आणि एकाने साइटच्या गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे नोटीस चिकटवली. ग्रुपवर पहिले दोन महिने नुसता राग, शिव्या आणि गुड मॉर्निंग. मग एका ताईंनी, त्या एलआयसीत आहेत, एक्सेल शीट केली: कोणी किती टक्के भरले, करारातली तारीख काय, बँक कोणती. त्या दिवसापासून बिल्डर भेटायला लागला.

दुसरं, बँकेला लेखी कळवा की साइट बघितल्याशिवाय पुढचा हप्ता सोडू नका. मनात आलं म्हणून मात्र पैसे थांबवू नका. टप्पा खरंच झाला असेल आणि तुम्ही भरलं नाही तर व्याज तुम्हालाही लागतं, त्याच दराने: स्टेट बँकेचा सर्वांत जास्त एमसीएलआर (बँकेने कर्जासाठी ठरवलेला आधाराचा दर) अधिक २ टक्के.

तिसरं, तारीख उलटल्यावर रेरा कायद्याचं कलम १८. दोन वाटा आहेत. बाहेर पडायचं तर सगळे पैसे व्याजासकट परत, थांबायचं तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज. तक्रारीची फी ५ हजार, वकील नसला तरी चालतं. आमच्यातल्या आठ जणांनी पैसे परत मागितले, ऑर्डर त्यांच्या बाजूने आली, आणि मग वसुलीचं वॉरंट कलेक्टर ऑफिसमध्ये फिरत बसलं. ज्याच्याकडे स्लॅबला पैसे नाहीत तो तुम्हाला व्याजासकट कुठून देणार? म्हणून आम्ही बाकीच्यांनी थांबून व्याज मागितलं, महारेराच्या सलोखा मंचात बसून ते शेवटच्या हप्त्यात वळतं करून घेतलं. पूर्ण नाही मिळालं. पण मिळालं.

दिवाळखोरीच्या कोर्टात (एनसीएलटी) जायचा पर्यायही आहे, घर घेणारे आता वित्तीय धनको धरले जातात. त्यासाठी १०० जण किंवा त्या प्रोजेक्टच्या खरेदीदारांपैकी १० टक्के लागतात. पण तो अगदी शेवटचा दगड, तो मारला की बिल्डर तर पडतोच, आपणही बरीच वर्षं लटकतो. ग्रुपवर कोणी उत्साहात "एनसीएलटी करूया" म्हटलं तर चांगल्या वकिलाला विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

आमचं काम २०२१च्या शेवटी सुरू झालं, दुसरा मोठा बिल्डर भागीदार म्हणून आला तेव्हा. त्या दिवशी क्रेनच्या हुकाला सळयांचा गठ्ठा लटकलेला बघितला आणि काकांना हाक मारून गॅलरीत बोलावलं.

९. ताबा

ओसीची कॉपी हातात आल्याशिवाय चावी घेऊ नका. "फिट-आउटसाठी घ्या ना सर, फर्निचर सुरू करा" म्हणजे ओसी नाहीये. पार्ट ओसी असेल तर तुमचा मजला त्यात आहे का बघा.

ताब्याच्या पत्रात दोन वर्षांचा अ‍ॅडव्हान्स मेंटेनन्स, सोसायटी फॉर्मेशन, मीटर, क्लब, कॉर्पस अशी यादी येते. करारात जे लिहिलंय तेवढंच द्यायचं, बाकीच्यावर ईमेलने प्रश्न विचारायचा. निम्मे फ्लॅट बुक झाल्यावर सोसायटी करायची असते, तीन महिन्यांत, ते झालंय का तेही विचारा.

घर बघायला जाताना बादली, पाणी, चार्जर, गोटी आणि टॉर्च न्या. बाथरूममध्ये बादली ओता, पाणी जाळीकडे जातं की दाराकडे. आमचं दाराकडे गेलं. गोटी हॉलच्या मधोमध ठेवा. चार्जर प्रत्येक सॉकेटला लावा. जे सापडेल ते फोटोसकट मेल करा, पाच वर्षांपर्यंत बांधकामातला दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचाय.

आणि पार्किंगमध्ये स्वतःची गाडी घालून बघा, सही करायच्या आधी. आमच्या मजल्यावर एक जण आहेत, त्यांना स्टॅकची (एकावर एक गाड्या लावायच्या पार्किंगची) खालची प्लेट मिळाली, त्यांची एसयूव्ही उंचीला चार बोटं जास्त निघाली. पार्किंगचे पैसे भरलेत, मेंटेनन्स भरतात, आणि गाडी रोज रात्री भारतमाता सिनेमाच्या बाजूला जागा शोधत फिरते.